मालमोटारींना थांबायला जागा द्या

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर, एका मिनी बसने पुढे उभ्या असलेल्या मालमोटारीला मागून धडक दिली आणि बारा जण प्राणास मुकले. हे सारे भाविक नाशिककडचे होते आणि बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन घरी परतत होते. अपघातानंतर जी हकिगत पुढे आली ती अधिकच उद्वेगजनक होती. ती मालमोटार तपासणीसाठी महामार्गावरच थांबवण्यात आली होती असा आरोप झाला आणि मोटार वाहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. त्या आरोपाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु या दुर्घटनेतून निघणारा प्रश्न त्या दोन व्यक्तींच्या दोषादोषापाशी संपत नाही. ज्या रस्त्यावर रात्रंदिवस हजारो अवजड वाहने धावतात, त्या रस्त्यावर एखाद्या मालमोटारीला थांबायचे झाले तर तिने थांबावे कोठे, हा तो प्रश्न होय.

मालमोटारींच्या अपघातांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा वेगाभोवती आणि चालकाच्या बेफिकिरीभोवती फिरते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु धावणारी मालमोटार जितकी घातक, तितकीच अंधारात दिव्याविना उभी असलेली मालमोटारही घातक असते, ही गोष्ट या चर्चेत हरवून जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. खाली झुकवलेल्या दिव्यांचा प्रकाश जेमतेम पन्नास मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे पुढे उभा असलेला काळा आडवा आकार चालकाला दिसल्यापासून धडक होईपर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि त्यातला एक सेकंद भानावर येऊन ब्रेकवर पाय ठेवण्यातच जातो. अशा वेळी चालक कितीही कुशल असला तरी तो काय करणार? राजस्थानातील फलोदी जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०२५ रोजी उभ्या ट्रेलरवर प्रवासी वाहन आदळून पंधरा जण दगावले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्या घटनेची दखल घेतली. वैजापूर आणि फलोदी यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर आहे, अपघाताची जात मात्र एकच आहे.

दोन महामार्गांमधील जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याला या प्रश्नाचा विचार इतरांपेक्षा अधिक तातडीने करावा लागेल, याला कारण त्याची भौगोलिक ठेवण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. घाटाखालून मलकापूर, नांदुरा, खामगाव अशी वाट काढत जुना सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याचा क्रमांक आता ५३ झाला असला तरी लोकांच्या तोंडी ‘सहा नंबर’च आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरील हाजिऱ्यापासून विदर्भ आणि छत्तीसगड ओलांडून ओडिशाकडे जाणारा माल या रस्त्याने वाहतो. घाटावर मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गापैकी सुमारे ८७ किलोमीटर या एका जिल्ह्यात आहेत. या दोन महामार्गांना जोडणारे रस्ते राजूर घाटासारख्या किंवा बोथ्याच्या घाटासारख्या वळणावळणांच्या उतारांवरून जातात.

जिल्ह्याचा स्वतःचा मालही थोडाथोडका नाही. खामगाव, मलकापूर, चिखली येथील बाजार समित्या, औद्योगिक वसाहती, कापसाचे जिनिंग कारखाने, सोयाबीनचा हंगाम, रेल्वेच्या मालधक्क्यांवरची सिमेंट-खतांची उतारवाहतूक, या सर्वांसाठी मालमोटार ही आवश्यक गोष्ट आहे. शेतकऱ्याचे बियाणे तिच्यातून येते आणि त्याचे पीकही तिच्यातूनच जाते. म्हणूनच मालमोटारीला रस्त्यावरचा राक्षस ठरवून मोकळे होणे हा या जिल्ह्याला परवडणारा विचार नव्हे.

परंतु या वाहतुकीची किंमत जिल्ह्याने किती मोजली आहे तेही पाहिले पाहिजे. २० मे २०१९ रोजी मलकापूरजवळ एका अवजड मालवाहू गाडीखाली प्रवासी वाहन चिरडले जाऊन तेरा जण मरण पावले. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडजवळ समृद्धी महामार्गाच्याच कामावरचा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया होत्या आणि सळयांवर मजूर बसलेले होते. त्यांपैकी तेरा मजूर सळयांखाली दबून गेले. २ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीजवळ महामार्गालगतच्या झोपडीत भरधाव ट्रक शिरला आणि रस्त्याच्या कामासाठी मेळघाटातून आलेले मजूर झोपेतच मृत्यूच्या स्वाधीन झाले. १ जुलै २०२३ रोजी पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर खाजगी प्रवासी बस पेटून पंचवीस प्रवाशांचा कोळसा झाला, तेव्हा सारा देश हादरला. ते योग्यच होते. परंतु मजुरांचे मरण मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एका चौकटीत येते आणि तिथेच संपते.

या घटनांपैकी बऱ्याच रात्री किंवा पहाटे घडल्या, हाही योगायोग नाही. मध्यरात्रीनंतरच्या प्रहरात माणसाच्या शरीराची झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. ती इच्छाशक्तीने रोखता येत नाही, चहाने फार तर काही वेळ लांबवता येते. ज्याला डुलकी लागते त्याला ती लागल्याचे कळतसुद्धा नाही.

चालकाची झोप कोणाच्या हिशेबात?

चालकाने किती तास काम करावे याला मर्यादा घालणारे कायदे आपल्याकडे फार जुने आहेत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती मर्यादा होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे प्रमाण ठरवले आणि सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ९१ व्या कलमात हीच मर्यादा स्वीकारली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत १९६१ चा कायदा विलीन झाला, तरी आठ तासांचे तत्त्व कायम आहे. आता कोणत्याही ढाब्यावर जाऊन तिथल्या चालकांना विचारावे की या कायद्यांपैकी एकाचा तरी अनुभव त्यांना आला आहे काय? उत्तर ऐकण्यासाठी फार वेळ थांबावे लागणार नाही.

याचे कारण केवळ अंमलबजावणीतील आळस हे नाही. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता, आणि या देशातील बहुसंख्य मालमोटारी एक-दोन गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या आहेत. कर्जाचा हप्ता, डिझेल, टायर, पथकर आणि वाटेतले ‘इतर खर्च’ वजा जाता त्यांच्या हाती जे उरते ते फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. माल अमुक वेळेपर्यंत पोहोचला नाही तर भाडे कापले जाईल, ही अट व्यापारी मध्यस्थाला घालतो, मध्यस्थ मालकाला, आणि मालक चालकाला. शेवटी त्या साऱ्या साखळीचा भार एका माणसाच्या पापण्यांवर येऊन पडतो.

यात २०१८ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी केंद्र सरकारने मालमोटारींच्या भारक्षमतेची मर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका अॅक्सलवर पूर्वी १०.२ टन भार चाले, तो ११.५ टन झाला. तीन अॅक्सलच्या गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. त्याच वर्षी राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन चालक असले पाहिजेत ही जुनी अटही काढून टाकण्यात आली. वाहतूक स्वस्त व्हावी हा दोन्ही निर्णयांमागचा हेतू होता आणि तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु एकाच वर्षात गाडीवरचा माल वाढला आणि गाडीतला माणूस कमी झाला, याची नोंद घेतली पाहिजे. दोन चालकांची अट पूर्वीही सर्रास मोडली जात होती, हे खरे. पण जी अट मोडली जाते ती पाळायला लावण्याऐवजी काढून टाकणे हा सुधारणेचा मार्ग आहे काय?

युरोपीय संघात मालमोटारीचा चालक दिवसात सामान्यतः नऊ तासांहून अधिक काळ गाडी चालवू शकत नाही, आणि साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते. गाडी किती वेळ चालली आणि किती वेळ थांबली याची नोंद गाडीतीलच यंत्र ठेवते. पोलिसाला चालकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही आणि मालकालाही चालकावर दडपण आणता येत नाही. आपल्याकडे असे यंत्र बसवणे आजच्या काळात अवघड नाही. परंतु त्याआधी एक साधी गोष्ट झाली पाहिजे. साडेचार तासांनी थांबण्याची सक्ती करायची तर साडेचार तासांच्या टप्प्यात थांबण्याची जागा असली पाहिजे. जागाच नसताना केलेली सक्ती म्हणजे दंड वसूल करण्याचे आणखी एक निमित्त ठरेल.

थांब्याचा अभाव

मालमोटार रस्त्यावर का थांबते याचा शांतपणे विचार केला तर पाच-सहा कारणे दिसतात. टायर फुटतो, इंजिन बिघडते, चालकाला झोप येते, भूक लागते, नैसर्गिक विधीसाठी उतरावे लागते, बाजार समितीत किंवा जिनिंगच्या आवारात आपली पाळी येईपर्यंत रांगेत राहावे लागते, किंवा तपासणीसाठी कोणीतरी हात दाखवतो. यांपैकी एकही गोष्ट अनपेक्षित नाही. प्रत्येक मालमोटारीच्या प्रत्येक फेरीत यांपैकी दोन-तीन तरी घडणारच. जे घडणार हे निश्चित आहे त्यासाठी जागा न ठेवता रस्ता बांधणे म्हणजे मोरी न ठेवता घर बांधण्यासारखे आहे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीला खुला झाला. आरंभी त्यावर इंधनाच्या पंपांखेरीज विसाव्याच्या सोयी जवळजवळ नव्हत्याच. पुढे त्यांत भर पडत गेली. परंतु रस्ता आधी आणि विसावा मागाहून हा क्रम त्यातून जो दिसला तो आपल्या नियोजनाच्या वृत्तीचा निदर्शक आहे. या मार्गावर मोटारींना ताशी १२० आणि मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. वेगात एवढे अंतर असलेली वाहने जिथे एकाच दिशेने धावतात, तिथे कडेला उभी राहिलेली गाडी किती धोक्याची ठरेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

जुन्या महामार्गाची कथा निराळी असली तरी तात्पर्य तेच आहे. तिथे ढाबे आहेत आणि खऱ्या अर्थाने ते ढाबेच आजवर चालकांची धर्मशाळा ठरले आहेत. जेवण, अंघोळीला पाणी, बाजेवर चार तास पडायला जागा आणि गाडीतल्या मालावर कोणाची तरी नजर, हे सारे चालकाला तिथे मिळते. परंतु ढाब्याच्या पुढ्यात चार गाड्या मावतात आणि चाळीस येतात. उरलेल्या छत्तीस रस्त्याच्या कडेला, अर्ध्या डांबरावर आणि अर्ध्या मुरमावर, उभ्या राहतात. मागचे दिवे चिखलाने माखलेले किंवा फुटलेले असतात. मागच्या बाजूस तांबडी, कडेला पिवळी अशी प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असावी असा नियम आहे. ती एकतर नसते, नाहीतर फितीच्या नावाखाली स्वस्तातला चकाकता कागद चिकटवलेला असतो. गाडी बिघडली की त्रिकोणी सूचनाफलकाऐवजी रस्त्यावर दगड आणि झाडाची फांदी ठेवली जाते. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. मग त्या दगडांवरून एखादा दुचाकीस्वार घसरतो, तेव्हा त्या अपघाताचा मालमोटारीशी संबंध असल्याचे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

वाहन धोकादायक स्थितीत उभे करू नये असे मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम सांगते. पण कायद्याने ‘येथे थांबू नका’ म्हणायचे आणि शासनाने ‘तेथे थांबा’ असे कोठेच म्हणायचे नाही, हा न्याय कोणता?

भाराचे वजन कोठे व्हावे?

थांब्याच्या प्रश्नाशी अतिभाराचा प्रश्न निगडित आहे. अधिक भरलेल्या गाडीचे टायर अधिक फुटतात, स्प्रिंगा अधिक तुटतात, आणि म्हणून अशी गाडी रस्त्यात अधिक वेळा उभी राहते. तिचे ब्रेक ठरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. राजूर घाटासारख्या उतारावर ते सतत दाबावे लागले की तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी निकामी होतात. त्यात डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय असेल तर विचारायलाच नको. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांच्या टिकाऊपणावर जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज अॅक्सलवरील भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दीडपट झाला तर झीज पाचपट होते. आपल्या रस्त्यांना एका पावसाळ्यात खड्डे का पडतात याचे उत्तर कंत्राटदाराच्या डांबरात जसे आहे तसे ते या गणितातही आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये असा दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ देऊ नये असा दंडकही आहे. हा दंड केवळ गाडी चालवणाऱ्यालाच नाही, ती तशी चालवण्यास लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही आहे. तरीसुद्धा प्रत्यक्षात दंडाची पावती चालकाच्या हाती पडते आणि माल भरणारा व्यापारी किंवा खडी-वाळूचा ठेकेदार नामानिराळा राहतो. याला आपल्या भाषेत ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असे म्हणतात.

यावर उपाय असा की वजन रस्त्यावर न होता माल भरण्याच्या ठिकाणी व्हावे. बाजार समिती, जिनिंग कारखाना, खाणपट्टा, औद्योगिक वसाहत, रेल्वेचा मालधक्का, यांपैकी जवळजवळ सर्वांपाशी वजनकाटा असतोच, कारण त्यावाचून त्यांचा व्यवहार चालत नाही. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या एकूण वजनाची पावती चालकाजवळ असावी आणि तिची एक प्रत परिवहन कार्यालयाकडे जावी. ज्या आवारातून अतिभारित गाडी बाहेर पडली त्या आवाराच्या मालकावर पहिली कारवाई व्हावी. असे झाले तर मध्यरात्री महामार्गावर गाड्या अडवून वजन तपासण्याचे कारणच बऱ्याच अंशी उरणार नाही, आणि वैजापूरसारख्या प्रसंगाचे एक मूळही आपोआप तुटेल.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, चालकाला जबर शिक्षा ठेवली की सारे सुरळीत होईल. या मार्गाचा प्रयोग होऊन चुकला आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करण्यात आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर मालमोटारचालकांनी चाके थांबवली आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने संघटनांशी चर्चा केल्यावाचून ती तरतूद अमलात आणणार नाही असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळूनच ती लागू झाली. पळून जाणाऱ्या चालकाचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु अठरा तास जागलेल्या माणसाला शिक्षेच्या भीतीने झोप यायची थांबते असे समजणे भाबडेपणाचे आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि जागेचा. ज्या देशात जून २०२२ मध्ये याच ५३ क्रमांकाच्या महामार्गावर अमरावती ते अकोला या शेजारच्या टापूत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तासांत घालून जागतिक विक्रम करण्यात आला, त्या देशाला चार-पाच एकरांचे दोन-तीन तुकडे सपाट करून त्यावर दिवे लावणे जमणार नाही, हे पटण्यासारखे नाही. पथकर मालमोटारींकडून सर्वांत अधिक दराने घेतला जातो. त्या पैशातील अल्पसा अंश त्यांच्या विसाव्यावर खर्च झाला तर ते औदार्य ठरणार नाही, देण्याची परतफेड ठरेल.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याच्या नावाने घेतला जाईल. अतिभार बंद केला तर भाडे वाढेल आणि त्याचा बोजा शेवटी शेतमालावर पडेल, असा तो आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु अतिभाराची किंमत शेतकरी आजही देत नाही काय? खड्ड्यांतून बैलगाडी आणि दुचाकी नेताना तो देतो, ट्रॅक्टर घेऊन रात्री घरी परतताना तो देतो, आणि कधीकधी घरातल्या कर्त्या माणसाच्या प्राणाने देतो. भाड्यातील वाढ निदान हिशेबात दिसेल. आजची किंमत कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

काय करता येईल?

मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. बुलढाण्याच्या समितीने मोठ्या योजनांची वाट न पाहता पुढील गोष्टी हाती घ्याव्यात. महामार्ग ५३ वर मलकापूर ते खामगाव या टापूत आणि समृद्धीवर मेहकर ते देऊळगावराजा या टापूत मालमोटारींसाठी महामार्गापासून अलग, उजेडाचे आणि पहाऱ्याचे थांबे किती आहेत व किती हवेत याची पाहणी करून ती प्रसिद्ध करावी. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिगृहे बांधण्याची घोषणा केली होती. त्यांतील किती आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला येतात, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत विचारावा.

तोपर्यंत ढाब्यांनाच हाताशी धरावे. जो ढाबेवाला रस्त्यापासून आत पंधरा-वीस गाड्यांची जागा, दिवे आणि स्वच्छतागृह देईल त्याला अधिकृत थांब्याची मान्यता आणि फलक द्यावा. जो देणार नाही त्याच्यापुढे गाड्या उभ्या राहू देऊ नयेत. बाजार समित्यांनी आणि जिनिंग मालकांनी हंगामात येणाऱ्या गाड्यांना आपल्या आवारात किंवा लगतच्या मैदानात जागा करून द्यावी, रस्ता हे त्यांचे प्रतीक्षालय नव्हे. तपासणी पथकांनी केवळ पथकर नाक्यालगतच्या किंवा खास बांधलेल्या कोपऱ्यातच गाडी थांबवावी, महामार्गाच्या मार्गिकेत कदापि थांबवू नये, आणि तसा लेखी आदेश जिल्हाधिकारी व परिवहन अधिकाऱ्यांनी काढावा. खऱ्या परावर्तक पट्ट्या मालमोटारींना तर लावाव्यातच, पण कापूस आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनाही हंगामापूर्वी शिबिरे भरवून लावून घ्याव्यात. आणि मजुरांना मालावर बसवून नेणारी गाडी दिसली तर ती तिथेच थांबवून मजुरांना दुसऱ्या वाहनाने पोहोचवण्याचा खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा. दुसरबीडच्या तेरा मजुरांचे आपल्यावर एवढे ऋण आहे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. थोडी जमीन, थोडा उजेड, आणि मालाच्या मालकापर्यंत हात पोहोचवण्याची इच्छा, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

२०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. आकडा एवढा मोठा झाला की तो मनाला बोचेनासा होतो. म्हणून बुलढाण्याने तो आकडा बाजूला ठेवून आपल्या रस्त्यांकडे पाहावे. दर वर्षी होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला लाखो लोक येतात आणि रात्रीबेरात्री परततात. आषाढीनंतर गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावकडे परतताना याच जिल्ह्यातील रस्त्यांवरून पायी चालते. त्याच रस्त्यांवर कोठून तरी निघालेला, दोन रात्री न झोपलेला एक चालक आपली गाडी घेऊन येत असतो. यात्रेकरूही घरी पोहोचावेत आणि तोही पोहोचावा अशी इच्छा असेल, तर त्याला वाटेत कोठेतरी निर्धास्तपणे डोळे मिटायला जागा दिली पाहिजे.